कॅमेरा घेतला भावा, आता पुढं काय?

दिवाळीच्या बोनसमधून म्हणा नाहीतर बारा महिन्यांच्या ईएमआयवर म्हणा, कोल्हापुरात एकदा का नवा कॅमेरा हातात आला की त्याचा पहिला मोसम कुठं जाणार हे ठरलेलं असतं. संध्याकाळी रंकाळा. रविवारी पहाटे पन्हाळा. ओळख असेल तर गंगावेस नाहीतर मोतीबाग तालमीत लाल मातीतली पोरं. आणि चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. एवढं सगळं झालं की कार्डांवर दोनेक हजार फोटो साठतात आणि मग डोक्यात खरा किडा वळवळायला लागतो. हे सगळं एडिट कशावर करायचं?

हा प्रश्न मला ऑफिसच्या कॅंटीनमध्ये, मिसळीच्या टेबलावर आणि एकदा तर लग्नात अक्षता पडत असताना विचारला गेलाय. कारण एवढंच, की नोकरी सांभाळून गेली काही वर्षं मी हा उद्योग करतोय आणि त्यामुळं गल्लीत ‘फोटोवाला’ झालोय. विचारणारे साधारण तीन प्रकारचे. पहिला म्हणतो, ‘‘दीड लाखाचा लॅपटॉप बघून ठेवलाय, घेऊ का?’’ दुसरा आवाज खाली आणून विचारतो, ‘‘लाइटरूमचं क्रॅक आहे का रे तुझ्याकडं?’’ आणि तिसरा सगळ्यात हुशार. तो म्हणतो, ‘‘फोनवर होत नाही का हे सगळं?’’

तिघांनाही मी एकच गोष्ट सांगतो. खर्चाचा क्रम बदला. बहुतेक लोक आधी सॉफ्टवेअरचा विचार करतात, मग प्रोसेसरचा, उरलेच पैसे तर हार्ड डिस्कचा. स्क्रीनचा विचार तर कुणीच करत नाही, ती लॅपटॉपसोबत आपोआप येते असं वाटतं. माझा हिशेब याच्या बरोब्बर उलटा आहे. आधी स्क्रीन, मग साठवण, मग मशीन आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. का, ते बघू.

गुलालाची परीक्षा

कुठलाही कॅमेरा आणि कुठलाही लॅपटॉप तपासायचा असेल तर आपल्या जिल्ह्यात त्याची मोठी परीक्षा दरवर्षी होते. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, सासनकाठ्यांच्या गर्दीत. तिथं आभाळापासून पायापर्यंत सगळं गुलाबी असतं. डोळ्याला तो गुलाबी जिवंत दिसतो, त्यात उजेड असतो, सावली असते, माणसांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या असतात. घरी येऊन फोटो उघडला की काय दिसतं? एक सपाट गुलाबी गोळा. चेहरे गायब.

यामागचं गणित सोपं आहे. प्रत्येक फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. साध्या जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक थराला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. भर उन्हातल्या गुलालात लाल थर पटकन २५५ ला जाऊन आपटतो. पुढं पायरीच नाही. मग थोडा उजळ गुलाल आणि जास्त उजळ गुलाल दोन्ही एकाच आकड्यावर थांबतात आणि मधला सगळा तपशील मिटतो. गंमत म्हणजे कॅमेऱ्याचा साधा पांढरा हिस्टोग्राम तेव्हाही ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगत असतो, कारण त्यात तिन्ही थर एकत्र धरलेले असतात. म्हणून यात्रेला जाताना दोन गोष्टी करायच्या. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करायचा आणि एक्स्पोजर अर्ध्या-पाऊण स्टॉपनं खाली ठेवायचं. तिसरी गोष्ट एडिटिंगची नाही, तरी सांगतो. गुलालात लेन्स बदलू नका. तो भुगा इतका बारीक असतो की पुढचे सहा महिने सेन्सरवर चांगभलं चालू राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो रॉमध्ये काढायचे. रॉ फाइल म्हणजे सेन्सरनं जे पाहिलं ते जवळपास जसंच्या तसं. तिच्यात बहुतेक कॅमेऱ्यांत १२ किंवा १४ बिट माहिती असते. १४ बिट म्हणजे २५६ च्या जागी १६,३८४ पायऱ्या. जेपीईजीत मेलेला लाल रंग रॉमध्ये पुष्कळदा शाबूत सापडतो. फक्त तो बाहेर काढावा लागतो.

माझ्या ऑफिसातल्या एकाची गोष्ट सांगतो. त्याचे आजोबा दरवर्षी यात्रेला सासनकाठीला हात लावायला जायचे. ऐंशी पार केल्यावरसुद्धा. शेवटच्या वर्षी हा नवा कॅमेरा घेऊन सोबत गेला होता. पुढं चार महिन्यांत आजोबा गेले. घरच्यांनी ठरवलं, फोटो लावायचा तर तोच, गुलालातला. यानं लॅपटॉपवर एडिट केला, मोठी प्रिंट काढली, फ्रेम करून घरी आणली. आणि आजीनं बघून विचारलं, ‘‘ह्यांचं तोंड कुठाय रं बाळा?’’

लॅबवाल्याची चूक नव्हती. त्यानं आली तशी फाइल छापली होती. कॅमेऱ्याचीही नव्हती. भानगड लॅपटॉपच्या स्क्रीनची होती.

स्क्रीन खोटं बोलते तेव्हा

स्वस्तातल्या पुष्कळ लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा, की इंटरनेट, फोन आणि फोटो लॅब जो एसआरजीबी नावाचा रंगांचा ठरलेला संच वापरतात, त्यातले साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग ही स्क्रीन दाखवू शकते. उरलेले रंग ती फिके करून दाखवते. आणि त्यात पहिला बळी जातो तो लाल-गुलाबीचा.

आता साखळी लक्षात घ्या. स्क्रीनवर गुलाल फिका दिसतो. आपल्याला वाटतं, यात दम नाही. आपण सॅच्युरेशन वाढवतो. स्क्रीनवर आता कुठं बरा दिसायला लागतो. पण फाइलमध्ये तो केव्हाच फुटलेला असतो. प्रिंट काढली की चेहरा गायब. माझ्या मित्राच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

नशीब एवढंच, की त्यानं रॉ फाइल डिलीट केली नव्हती. चांगल्या स्क्रीनवर ती परत उघडली. एक्स्पोजर खाली आणलं, व्हाइट बॅलन्स थोडा थंड केला, लाल आणि मॅजेंटा रंगांची उजळणी कमी केली, सॅच्युरेशनला हातच लावला नाही. वीस मिनिटांत आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या दिसायला लागल्या. वापरलेलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. दुसरी प्रिंट आता त्यांच्या सोप्यात आहे.

तर खरेदीला जाल तेव्हा दुकानातल्या पोराला एकच प्रश्न विचारा, ‘‘एसआरजीबी किती टक्के?’’ तो बहुधा गोंधळेल आणि ग्राफिक कार्ड, आरजीबी लाइटचा कीबोर्ड, सोबत मिळणारी बॅग यांच्याबद्दल बोलायला लागेल. एका दुकानात मला अर्धा तास गेमिंग लॅपटॉपचे गुण ऐकवण्यात आले आणि स्क्रीनबद्दल उत्तर मिळालं ते ‘‘फुल एचडी आहे की सर!’’ फुल एचडी म्हणजे ठिपके किती, एवढंच कळतं. ठिपक्यांचा रंग खरा की खोटा, ते त्यात येत नाही. शंभर टक्के एसआरजीबी, आयपीएस पॅनल, आणि शक्यतो मॅट. हे तीन शब्द पाठ करून जा.

आधीचा लॅपटॉप बरा चालत असेल तर तो बदलूच नका. त्याला बाहेरून एक चांगला २४ किंवा २७ इंची मॉनिटर जोडा. नव्या लॅपटॉपच्या काही हिश्श्यात काम होतं आणि पुढं लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर राहतो.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे ‘प्रिंट काळी आली’. त्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच असतं, स्क्रीनचा ब्राइटनेस फुल्ल. झगझगीत स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो, कागदाला मात्र स्वतःचा दिवा नसतो. एडिट करताना ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास आणा, खोलीतला उजेड रोज सारखाच ठेवा आणि मागची खिडकी झाका. याला एक पैसा लागत नाही.

रंग अगदी नेमका हवा असेल तर कॅलिब्रेटर नावाचं छोटं यंत्र मिळतं. स्पायडर आणि कॅलिब्राइट ही त्यातली ओळखीची नावं. ते स्क्रीनवर ठेवायचं, ते रंग मोजतं आणि स्क्रीनला वळण लावतं. महिन्यातून एकदा दहा मिनिटांचं काम. एवढ्यासाठी एकट्यानं पैसे घालायचे कशाला? आपल्याकडं भिशी कशासाठी शोधलीय? पाच मित्र जमवा, वर्गणी काढा, एक यंत्र घ्या आणि ते गल्लीत फिरवा.

पुराच्या आधीची तयारी

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कोल्हापूरच्या माणसाला पाढ्यांसारखे पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पाणी ओसरल्यावर गाद्या, कपाटं, टीव्ही सगळं रस्त्यावर आलं, त्यात फोटोंचे अल्बमही होते. गादी नवी मिळते. लग्नाचा अल्बम परत मिळत नाही.

आणि डिजिटलवाल्यांनी फार खूश होऊ नये. अल्बम ओला झाला तर निदान काही पानं वाचतात. टेबलाच्या खालच्या खणात ठेवलेली एकुलती एक हार्ड डिस्क पाण्यात गेली तर सगळंच गेलं. पूरच यायला पाहिजे असंही नाही. हार्ड डिस्क पडते, चोरीला जाते, एक दिवस नुसतीच टकटक करायला लागते.

यावर जुना आणि पक्का नियम आहे ३-२-१ चा. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. एक प्रत कॉम्प्युटरवर. दुसरी घरच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. तिसरी डिस्क पुण्याच्या बहिणीकडं, नाहीतर उंचावरच्या भागात राहणाऱ्या मित्राकडं. दर दोन-तीन महिन्यांनी डिस्कची अदलाबदल करायची. जूनच्या आधी एकदा न चुकता.

‘गुगल फोटोज आहे की!’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. गुगलनं अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. त्यानंतर फुकट मिळतात १५ जीबी, तेही मेल आणि बाकी सगळं धरून. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल २५ ते ३० एमबीची. म्हणजे यात्रेत पाचशे फोटो काढले की पंधरा जीबी संपले. एका यात्रेत! वर्षाला अशा वीस फेऱ्या धरल्या तर ३०० जीबी होतात. एक टीबीची डिस्क तीन वर्षं पुरते. हिशेब असा मांडला की कळतं, नव्या लेन्सच्या आधी दोन डिस्का का घ्यायच्या.

अजून एक फुकटचा सल्ला, बिनधास्त डिलीट करा. पाचशेतले चारशे फोटो कुणीच बघणार नसतं. आठवड्याच्या आत छाटणी झाली नाही तर ती कधीच होत नाही.

मशीन किती ताकदीचं?

इथं फार वेळ घालवायची गरज नाही. नुसतं फोटो एडिट करायचे असतील तर १६ जीबी रॅम पुरेशी आहे. आठ जीबीवर काम होतं, पण प्रत्येक स्लायडरनंतर चहा पिऊन यावा लागतो. लॅपटॉप घेताना रॅम पुढं वाढवता येते का, ते विचारून घ्या. पुष्कळ पातळ मॉडेलांमध्ये ती बोर्डालाच चिकटवलेली असते. आतली डिस्क एसएसडीच हवी. जुन्या लॅपटॉपची फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तरी त्याचा पुनर्जन्म होतो. एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही.

ग्राफिक कार्ड? आपल्यापैकी पुष्कळांना त्याची गरज नाही. अपवाद एक. तालमीतले फोटो. आतला उजेड मंद, एका बाजूला बारीक खिडकी, दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइट, आणि पैलवान काही पोज देऊन थांबत नाहीत. मग आयएसओ ३२०० नाहीतर ६४०० वर न्यावा लागतो आणि फोटोत वाळू ओतल्यासारखे ठिपके येतात. हे ठिपके एआयनं काढायची सोय लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये आली आणि ती खरोखर कमाल आहे. पण ते काम ग्राफिक कार्डावर चालतं. कार्ड साधं असेल तर एका फोटोला काही मिनिटंही लागू शकतात. तुमचा सगळा जीव तालमीत असेल तर कार्डाला पैसे द्या. महिन्यात चारच फोटो तसे असतील तर रात्री कामाला लावून झोपा. आणि त्याआधी एफ १.८ ची ५० एमएम लेन्स घ्या. ती कार्डापेक्षा स्वस्त पडते आणि ठिपके मुळातच कमी येतात.

आता सॉफ्टवेअर

ज्यांनी कॉलेजच्या दिवसांत पिकासा वापरलंय त्यांना आठवत असेल, किती सुटसुटीत होतं ते. गुगलनं ते २०१६ मध्ये बंद केलं. धडा असा, की सॉफ्टवेअरवर जीव लावू नये. आपली रॉ फाइल आपल्याकडं पाहिजे, सॉफ्टवेअर येतात आणि जातात.

अडोबीचं लाइटरूम २००७ मध्ये आलं. पूर्वी ते एकदा विकत घेतलं की आपलं व्हायचं. तशी शेवटची आवृत्ती २०१५ ची. त्यानंतर सगळा कारभार भाड्याचा. हप्ता थांबला की एडिटिंग थांबतं. ते चांगलं आहे का? आहेच. फोटोंची यादी लावणं, शोधणं, एकसारखे शंभर फोटो झटक्यात सुधारणं यात त्याचा हात धरणारं फार कुणी नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर डोळे झाकून घ्या, भाडं निघतं. पण महिन्यातून दोन रविवार फोटो काढणाऱ्यानं आधी कागदावर वर्षाचा हिशेब करावा आणि पाचानं गुणावं. त्या आकड्यात काय येतं ते बघावं.

फुकटात काय मिळतं? पुष्कळ. पहिलं म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचंच सॉफ्टवेअर. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ. लोकांना ते आहे हेच माहीत नसतं. कॅमेऱ्यातले रंग ते बरोब्बर ओळखतं. सुरुवात तिथूनच करा. दुसरं डार्कटेबल. लाइटरूमचं बहुतेक काम यात होतं, पण शिकायला महिनाभर घाम गाळावा लागतो. पहिल्या दिवशी चिडचिड होणार, धरून चाला. रॉथेरपी त्याच जातीचं. तिसरं गिम्प, जुनं आणि भरवशाचं, फोटोशॉपसारखी थरांची कामं करायला. त्याची ३.० ही मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. आणि चौथं अ‍ॅफिनिटी. हे आधी विकत मिळायचं. २०२४ मध्ये कॅनव्हानं ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सॉफ्टवेअर फुकट केलं. एआयची काही हत्यारं तेवढी पैसेवाल्या प्लॅनमध्ये ठेवली.

एवढं सगळं राजरोस फुकट मिळत असताना क्रॅक कशाला हवं? नीतीचं प्रवचन राहू दे. पण ज्या लॅपटॉपवर तुमचं बँकेचं लॉगिन आहे, ऑफिसच्या फाइली आहेत, त्यावर कुठल्यातरी अनोळखी माणसानं फोडलेलं सॉफ्टवेअर अँटिव्हायरस बंद करून टाकायचं, याला धाडस म्हणत नाहीत.

आणि तो तिसरा, फोनवाला? त्याचं चूक नाही. इन्स्टापुरतं बघायचं असेल तर स्नॅपसीड पुरतं, ते फुकट आहे आणि त्यात फोनच्या रॉ फाइलीही उघडतात. फक्त फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ‘व्हिविड’ बंद करा आणि ‘नॅचरल’ निवडा. नाहीतर पुन्हा गुलालाचा गोंधळ होतो, फक्त उलट्या बाजूनं.

मग घ्यायचं काय?

पुढच्या पगारापासून असं करा. या महिन्यात काहीच विकत घेऊ नका. ब्राइटनेस खाली आणा, कॅमेरा रॉवर टाका आणि कंपनीचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. पुढच्या महिन्यात पहिली हार्ड डिस्क, त्याच्या पुढच्या महिन्यात दुसरी. मग मॉनिटर. त्यानंतर सहा महिने फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम करा. सहा महिन्यांनी तुम्हाला नेमकं कशात अडतं हे तुमचं तुम्हाला सांगता येईल. ते सांगता आलं की खुशाल पैसे द्या.

कुणी म्हणेल, साध्या हत्यारांनी काय होणार? मग खरी कॉर्नरला जाऊन कॅमेऱ्याचं स्मारक बघून या. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंना सिनेमाचा कॅमेरा पाहिजे होता. तेव्हा त्यांनी इथंच, या गावात, तो घडवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. बाबूराव मुळात चित्रकार. रंग आणि उजेड बघायची नजर आधीची, यंत्र नंतरचं.

आणि हो, प्रिंट काढा. आठ बाय बारा इंची प्रिंटला ३०० ठिपक्यांच्या हिशेबानं नऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात ती ताकद कधीचीच आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आधी काढा. रंकाळ्यावर सूर्य उद्याही मावळणार आहे.